महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांची पहिली मोटार

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूर शहरात तटबंदीच्या आतला सारा व्यवहार पायी जाण्याच्या अंतरावर होता. आज तसे राहिलेले नाही. राजस्थान विद्यापीठ आणि मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान या संस्था शहरातील जवाहरलाल नेहरू मार्गावर असल्या, तरी अनेक नवी महाविद्यालये शहराच्या सीमेवर किंवा सीमेपलीकडे उभी राहिली आहेत. टोंक रस्त्यावरील सीतापुरा, दिल्ली रस्त्यावरील कूकस, त्याचप्रमाणे अजमेर आणि आग्रा या दिशांना जाणारे महामार्ग ही त्यांची ठिकाणे होत. मानसरोवर ते चांदपोल ही मेट्रो जून २०१५ मध्ये सुरू झाली व २०२० मध्ये बडी चौपडपर्यंत पोहोचली. परंतु शहराबाहेरच्या या महाविद्यालयांपर्यंत ती जात नाही. त्यामुळे बारावीचा निकाल लागून प्रवेश निश्चित झाला, की अनेक घरांत पुढचा प्रश्न उभा राहतो तो गाडीचा.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्यांची नाशिकहून जयपूरला बदली झाली आहे. घर मानसरोवर वसाहतीत असून कार्यालय तेथून चार किलोमीटरवर आहे. मुलीला अजमेर रस्त्यावरील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. जाऊन-येऊन रोजचे अंतर चाळीस किलोमीटर, आणि त्यातील बराचसा भाग महामार्गाचा. घरात २०१४ साली घेतलेली, एमएच-१५ या नाशिकच्या क्रमांकाची एक लहान मोटार आहे. अशा वेळी बहुतेक घरांत सहज ठरून जाते, की जुनी गाडी मुलीला द्यावी आणि नवी वडिलांसाठी घ्यावी. शिकताना कुठे घासली, ठोकली तरी हळहळ नको!

हा विचार काटकसरीचा वाटतो, व्यवहाराचाही वाटतो. तथापि तो नीट तपासून पाहिला, तर त्यातच सर्वांत मोठी चूक दडलेली आढळते.

आधी गरज, मग गाडी

कोणती गाडी घ्यावी हे ठरवण्यापूर्वी गाडी हवी आहे काय, हे पाहिले पाहिजे. महाविद्यालयाची बस घराजवळून जात असेल, तर आठवड्यातील किती दिवस ती पुरेशी आहे याचा हिशेब मांडावा. प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा प्रकल्पाचे काम यांमुळे परतायला उशीर होणारे दिवस दोनच असतील, तर त्या दोन दिवसांसाठी स्वतंत्र गाडी घेण्याचे कारण उरत नाही. मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात राहणार असेल, तर तेथे गाडी ठेवण्यास परवानगी आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

वयाचाही विचार आवश्यक आहे. पहिल्या वर्षात प्रवेश घेताना अनेक मुलांची अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात. मोटार चालवण्याचा शिकाऊ परवाना अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतो. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी ही तरतूद आहे. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. ‘चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे’ म्हणून किल्ली देणाऱ्या प्रत्येक पालकाने ही घटना लक्षात ठेवावी.

सन २०२२ ही सीमारेषा

आता जुन्या गाडीकडे वळू. लहान मोटारींच्या सुरक्षिततेविषयीचे भारतातील नियम गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहेत. म्हणूनच गाडी कोणत्या वर्षी तयार झाली, या प्रश्नाला रंग, आसने आणि संगीतयंत्रणा यांच्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

२०१४ च्या आरंभी ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात लोकप्रिय असलेल्या पाच लहान मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या मूळ आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर एकेक नियम आला. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना, जोरात ब्रेक दाबला तरी चाके घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, वेगाची सूचना आणि मागे घेताना अडथळा दाखवणारे सेन्सर आवश्यक ठरले. १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलांनाही समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी बंधनकारक झाली. २०२१ च्या अखेरीपासून चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली.

या तारखा एकत्र पाहिल्या, की साधे सूत्र हाती येते. २०२२ मध्ये किंवा त्यानंतर तयार झालेल्या कोणत्याही नव्या मोटारीत ही किमान साधने असतातच. त्यापूर्वीच्या, विशेषतः २०१९ पूर्वीच्या गाडीत ती असतील किंवा नसतीलही. स्वस्त आवृत्तीत बहुधा नसतात.

आता उदाहरणातील घराचा निर्णय पुन्हा पाहावा. वडिलांचा हात वीस वर्षांचा सरावलेला आहे. त्यांना शहरात, वाहनांच्या गर्दीत, संथ गतीने चार किलोमीटर जायचे आहे. मुलीचा परवाना दोन महिन्यांचा आहे. तिला मालमोटारींच्या वर्दळीतून महामार्गावर रोज चाळीस किलोमीटर धावायचे आहे. आणि घरातील सर्वांत कमी सुरक्षित गाडी तिच्या वाट्याला येते! केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होती. गाडीचा पत्रा घासला तर तो भरून येतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याच्याभोवती अधिक संरक्षण हवे. घरात दोन गाड्या असतील तर लांबच्या व वेगाच्या रस्त्यासाठी अधिक सुरक्षित गाडी आणि जवळच्या कामासाठी जुनी गाडी, अशी वाटणी करावी.

गाडी कशी असावी

विद्यार्थ्यासाठी लहान, चार मीटरच्या आतील लांबीची, साध्या क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाची गाडी बहुधा पुरेशी असते. तिच्यावरील करही कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला आहे. मोठ्या इंजिनाचा विमाही महाग पडतो. जून २०२२ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १००० घन सेंटिमीटरपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये होता. इंजिन मोठे आणि वेग अधिक, ही नवशिक्या चालकाच्या बाबतीत जमेची बाजू ठरत नाही.

नवी गाडी घेताना ‘भारत एनकॅप’ चे तारे पाहावेत. ही देशी चाचणीपद्धती ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली असून तीत समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाची धडक आणि बाजूची धडक तपासली जाते. प्रौढ आणि बालक यांच्यासाठी वेगवेगळे तारे दिले जातात. ही चाचणी ऐच्छिक आहे. म्हणून आपण पाहत असलेल्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

जयपूरच्या हवामानाचाही विचार करावा. मे-जूनमध्ये तेथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे वातानुकूलन यंत्र, टायर आणि बॅटरी यांची स्थिती उन्हाळ्यापूर्वी तपासून घेणे आवश्यक असते. विजेवर चालणारी मोटार रोजच्या ठरावीक अंतरासाठी सोयीची ठरू शकते आणि तिच्यावरील वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे. परंतु स्वतःच्या वाहनतळावर भारणाची सोय नसेल, तर ती सोय गैरसोय होते. सदनिकेत राहणाऱ्यांनी गृहनिर्माण संस्थेची परवानगी आधी घ्यावी.

कर्जाची मुदत आणि पदवीची मुदत

विक्रेत्याच्या दालनात बहुधा एकच आकडा पुढे केला जातो, तो मासिक हप्त्याचा. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढवली जाते. येथे आकडेमोड करून पाहणे हिताचे ठरेल.

समजा, नोंदणी व विम्यासह नव्या गाडीची किंमत ६,५०,००० रुपये आहे. त्यांपैकी १,५०,००० रुपये स्वतःचे आणि ५,००,००० रुपये कर्जाचे. व्याजदर ९ टक्के धरल्यास पाच वर्षांच्या मुदतीचा हप्ता सुमारे १०,३७९ रुपये येतो व एकूण व्याज सुमारे १,२२,७५० रुपये होते. मुदत सात वर्षांची केली, तर हप्ता ८,०४५ रुपयांपर्यंत उतरतो. परंतु व्याज सुमारे १,७५,७५० रुपयांवर जाते. म्हणजे लहान हप्त्यासाठी सुमारे ५३,००० रुपये अधिक मोजावे लागतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. सात वर्षांचे कर्ज घेतले असल्यास पदवी हाती येते त्या दिवशी सुमारे २,५३,००० रुपये देणे शिल्लक असते. पाच वर्षांच्या कर्जात सुमारे १,१९,००० रुपये. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य पन्नास टक्क्यांनी घटलेले असते. मुलीला बंगळूर किंवा पुण्यात नोकरी मिळाली अथवा पुढील शिक्षणासाठी तिला बाहेर जायचे झाले, तर जयपूरमधील गाडीची गरज संपलेली असते. हप्ते मात्र सुरूच राहतात. म्हणून विद्यार्थ्यासाठी घेतलेल्या गाडीचे कर्ज अभ्यासक्रमाच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर संपेल, एवढीच मुदत आणि एवढीच रक्कम घ्यावी.

हप्त्याशिवायचा खर्चही असतो. रोज चाळीस किलोमीटर व महिन्याला बावीस दिवस म्हणजे ८८० किलोमीटर झाले. लिटरला अठरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास इंधनाचे सुमारे ५,१०० रुपये होतात. विमा, देखभाल, टायर व टोल यांसाठी महिन्याला २,५०० रुपये बाजूला ठेवावेत. अशा रीतीने पाच वर्षांच्या कर्जासह ही गाडी घराला दरमहा सुमारे १८,००० रुपयांना पडते. घरात शैक्षणिक कर्ज घेतलेले असेल, किंवा पुढे घ्यावे लागणार असेल, तर या आकड्याचा विचार त्याच्यासह करावा. शिक्षणासाठी घेतलेले कर्ज कमाईची शक्ती वाढवते, गाडीचे मूल्य मात्र दरवर्षी घटत जाते.

वापरलेली गाडी घेताना

या ठिकाणी २०२२ ची सीमारेषा पुन्हा उपयोगी पडते. त्या वर्षानंतरची, एका मालकाने वापरलेली लहान गाडी आता बाजारात उपलब्ध आहे. तिची किंमत ३,५०,००० रुपये धरली आणि २,००,००० रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,५४८ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ३५,७०० रुपये होते. वापरलेल्या गाडीचा व्याजदर अधिक असला, तरी कर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी संपते. चौथ्या वर्षी गाडी संपूर्णपणे आपली असते.

मात्र कागदपत्रे काटेकोरपणे पाहिली पाहिजेत. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व चासिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, ते प्रत्यक्ष पाहावे. आधीच्या कर्जाची नजरगहाणाची नोंद असेल, तर संबंधित बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत दंड, विम्याचे पूर्वीचे दावे आणि देखभालीची नोंदवही पाहावी. पुरात बुडालेली गाडी गालिच्याखालच्या गंजावरून व कुबट वासावरून ओळखू येते. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात दिला आहे.

राज्य बदलले तर

आपल्या उदाहरणातील नाशिकची गाडी जयपूरला नेली, तरी ती कायमची तशीच चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ द्वारे मिळवावे लागते, नव्या राज्याचा कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागावा लागतो.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची सोय झाली आहे. केंद्र व राज्य सरकारचे, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांचे व बँकांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात. या मालिकेत कर एकदम न भरता दोन वर्षांच्या किंवा दोनच्या पटीतील हप्त्यांत भरला जातो, आणि राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. अर्थात गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर असावी लागते, मुलाच्या नाही.

विम्यातील न दिसणारी फट

गाडी कोणाच्या नावावर असावी, या प्रश्नाला विम्याच्या बाजूनेही महत्त्व आहे. विद्यार्थ्याला स्वतःचे उत्पन्न नसल्याने कर्ज व नोंदणी साधारणतः पालकांच्या नावे होते. पॉलिसीबरोबर येणारे पंधरा लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण मात्र ‘मालक-चालक’ यांच्यासाठी असते. वडिलांच्या नावावरील गाडी मुलगी चालवत असेल, तर त्या संरक्षणाचा लाभ तिला मिळत नाही. अनेक घरांत ही गोष्ट अपघातानंतरच कळते. थोड्या अधिक हप्त्यात नामनिर्दिष्ट किंवा अनामिक प्रवाशांसाठीचे अपघात संरक्षण पॉलिसीला जोडता येते, किंवा मुलीसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. पॉलिसीवर सही करण्यापूर्वी हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

नव्या मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे; परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दरवर्षी नूतनीकरणाचा असू शकतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ या समजुतीने दुसऱ्या वर्षी तो खंडित होऊ देऊ नये.

निर्णयाचा क्रम

उदाहरणातील कुटुंबापुढे आता स्पष्ट क्रम दिसतो. पहिले सत्र मुलीने महाविद्यालयाच्या बसने जावे. त्या काळात परवाना मिळवून, सुटीच्या दिवशी पालकांना शेजारी बसवून तिने महामार्गाचा सराव करावा. बस पुरत नाही असे अनुभवाने ठरले, तर २०२२ नंतरची लहान गाडी तीन वर्षांच्या कर्जावर घ्यावी आणि ती मुलीने वापरावी. नाशिकची जुनी गाडी राजस्थानात नोंदवून वडिलांनी जवळच्या कामांसाठी ठेवावी, अथवा नोंदणीचा खर्च परवडत नसल्यास विकून ती रक्कम नव्या व्यवहारात घालावी. म्हणजे कर्ज आणखी लहान होईल.

किल्ली हाती देताना घरात चार गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. मागच्या आसनावरील मैत्रिणींसह प्रत्येकाने पट्टा लावायचा. रात्री उशीर झाल्यास दमलेल्या अवस्थेत गाडी न चालवता घरी दूरध्वनी करायचा, आणि त्या दूरध्वनीबद्दल कोणी रागवायचे नाही. इंधनाच्या खर्चाची वही मुलीने ठेवायची. आणि स्वतःच्या नावाचा परवाना नसलेल्या कोणालाही गाडी द्यायची नाही.

मोटार खरेदीच्या कर्जाची मुदत, हप्ता आणि मुदतपूर्व परतफेडीच्या अटी यांविषयी ग्राहकांनी विक्रेत्याच्या दालनात जाण्यापूर्वी आपल्या शाखेत चौकशी करावी. गाडी पाहण्याआधी किती खर्च करायचा हे ठरले, तर निवड शांतपणे करता येते.